थकलेला ओठ

बँडवाल्यांच्या घरात ओठांना जेवढं जपतात, तेवढं सोनाराच्या घरात सोन्यालाही जपत नसतील. मास्तरांच्या घरात तर तीन पिढ्या एक नियम चालत आला होता. वाजवून वाजवून ओठ थकला, म्हणजे तोंडाच्या कोपऱ्यातून फुस्स करून हवा सुटायला लागली, की वाद्य खाली ठेवायचं, गार पाणी प्यायचं, आडवं व्हायचं आणि बोलायचं नाही. बोललं की ओठाला पुन्हा काम पडतं. म्हणून जो आडवा झालाय त्याच्याशी दुसऱ्या कुणीही बोलायचं नाही. मास्तरांच्या आजोबांनी हे घालून दिलं होतं आणि आजवर या नियमाने कुणाचं वाईट झालं नव्हतं.

मास्तरांच्या थोरल्या मुलीला सगळे थोरलीच म्हणत. बँडमध्ये ती मोठा ड्रम वाजवायची आणि बँडची गाडीही तीच चालवायची. तिला ओठाची भानगड नव्हती. "तुझं बरं आहे," काका तिला म्हणायचे, "तू दमलीस तर हात दमतात. हात काय, कपडे धुतानाही दमतात." काका म्हणजे मास्तरांचे धाकटे भाऊ. ते बँडमधला सगळ्यात मोठा पितळी भोंगा वाजवत, आणि त्यांच्या तोंडाला विश्रांती ठाऊक नव्हती, ना वाजवताना ना एरवी.

तालमीची खोली सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या माडीवर होती. लांबट खोली, भिंतीला बाकं, खुंट्यांवर वाद्यांच्या पिशव्या, आणि जिन्यातून वर येणारा रबराचा आणि तेलाचा वास. मागे एक छोटी खोली, तिथे एक लाकडी पलंग. त्या दिवशी दुपारी खोलीत डझनभर मुलं भरली होती. संध्याकाळी नगरभवनात त्यांचा पहिला कार्यक्रम होता. वर्षभर मास्तरांनी या मुलांना फुंकर कशी मारायची इथपासून शिकवलं होतं. कुणाच्या गालात हवा साठायची, कुणाचं वाद्य नुसतं शिंकायचं, पण मास्तर कधी चिडले नाहीत. "शिंकूदे," म्हणायचे, "सर्दी झाली असेल त्याला. उद्या गाईल." कार्यक्रमाच्या शेवटच्या चालीत मुलं साथ करणार होती आणि मास्तर ट्रंपेटवर एक उंच सूर धरून ठेवणार होते. तो सूर त्यांनी मुलांना कबूल केला होता.

शेवटची तालीम चालली होती. थोरली मास्तरांच्या मागे ड्रमला उभी होती. तिला वडिलांची नुसती पाठ दिसत होती, आणि पाठीवरून ती त्यांचा मूड ओळखायची. चाल अर्ध्यावर आली आणि तिला वाटलं, ट्रंपेटचं तोंड खाली झुकतंय. ट्रंपेट डाव्या हाताने पेलायचं असतं, उजव्या हाताची बोटं कळांवर असतात. मास्तर मुलांना रोज ओरडून सांगायचे, "तोंड वर! जमिनीला काय ऐकवताय?" आणि आज त्यांचंच ट्रंपेट जमिनीला ऐकवत होतं. थोरलीने ठोका चुकवला नाही. उंच सुराची जागा आली. सूर निघाला, थरथरला, आणि फुस्स झाला.

मुलं थांबली. काकांनी भोंगा मांडीवर टेकवला.

"दादा, चाकातली हवा गेली वाटतं! खाली दुकान आहेच, पंप मारून घे."

मुलं खो खो हसली. थोरलीही हसली. सकाळपासून बाबा वाजवत होते, ओठ थकणारच. पहिल्या बाकावर ट्रँगल वाजवणारी पिटुकली बसली होती. ती वर्गातली सगळ्यात लहान. ती एकटी हसत नव्हती. मान वाकडी करून ती मास्तरांकडे बघत होती.

"सर, तुमचं तोंड..."

"शू!" थोरलीने तिला दटावलं. "ओठ थकला की बोलायचं नाही. नियम माहीत आहे ना?"

पिटुकलीने तोंडावर बोट ठेवलं. मुलं नियमाची पक्की असतात. मोठी माणसं नियम शिकवतात आणि सोयीप्रमाणे मोडतात, मुलांना ती सोय नसते.

मास्तर तांब्या उचलून पाणी प्याले. अर्धं पाणी डाव्या बाजूने शर्टावर ओघळलं आणि त्यांना ठसका लागला. मग ट्रंपेट खुर्चीवर तसंच टाकून ते मागच्या खोलीत गेले. थोरली क्षणभर बघत राहिली. बाबांनी ट्रंपेट कधी खुर्चीवर टाकलं नव्हतं. कुणी बसलं म्हणजे? खुर्चीवर ठेवणाऱ्या पोराला त्यांनी एकदा स्वतःच खुर्चीखाली बसवलं होतं, गमतीने. उंबऱ्यात त्यांची डाव्या पायातली चप्पल राहून गेली होती.

"चला रे, सर विश्रांती घेताहेत, आपण पहिलं गाणं घेऊ," काका म्हणाले.

थोरली ड्रम वाजवत राहिली. पण हात ठोक्यावर आणि डोळे चपलेवर, असं तिचं चाललं होतं. एकच चप्पल. पायातून चप्पल निसटलेली माणसाला कळत नाही? ओठ थकला तर पायाला काय झालं? आणि ओठ थकतो तेव्हा मधून थकतो, दोन्ही कोपऱ्यांतून हवा जाते, हे ती लहानपणापासून बघत आली होती. पाणी एकाच बाजूने सांडलं. नुसतं डावीकडून.

गाणं संपताच तिने ड्रमचं टिपरं ठेवलं, चप्पल उचलली आणि मागच्या खोलीत गेली.

मास्तर पलंगावर पडले होते. डोळे उघडे होते. तिने चप्पल खाली ठेवली. नियम तोडायला जीभ रेटत नव्हती. आजवर या पलंगाशी कुणी बोललं नव्हतं.

"बाबा, बरं वाटतंय ना?"

मास्तरांनी काहीतरी उत्तर दिलं. तोंडात पाण्याची चूळ धरून कुणी बोलावं तसं ते आलं. त्यातला एकही शब्द तिला लागला नाही.

तिने वाकून त्यांचा चेहरा निरखून बघितला.

आईला डोळ्यांच्या तपासणीला नेलं होतं तेव्हा दवाखान्याच्या बाकावर बसून बसून थोरलीने समोरच्या भिंतीवरचा फलक पाठ केला होता, दुसरं करायला काही नव्हतं म्हणून. त्यावर एक चेहरा काढलेला होता, अर्धा सरळ, अर्धा ओघळलेला. मेंदूला रक्त नेणारी नळी तुंबली की काय होतं ते खाली लिहिलं होतं. तोंड बघा. हात बघा. बोलणं बघा. आणि वेळ दवडू नका.

"बाबा, हसा बघू."

मास्तरांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू हिला वेड लागलंय. पण हसले. उजवा गाल हसला. डावा गाल दुसऱ्याच कुणाचा असावा तसा जागच्या जागी राहिला.

"दोन्ही हात वर करा. असे, समोर. धरून ठेवा."

डावा हात वर गेला आणि पाण्यात बुडणाऱ्या काठीसारखा हळूहळू खाली आला. मास्तर स्वतः त्या हाताकडे नवलाने बघत होते.

थोरलीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. पावणेपाच होत आले होते. ती बाहेर धावली.

आई नुकतीच जिना चढून वर आली होती, संध्याकाळसाठी मास्तरांचा इस्त्री केलेला शर्ट हातावर घेऊन. थोरलीने तिला आणि काकांना जिन्याशी ओढलं आणि पुटपुटत सगळं सांगितलं. मुलांना ऐकू जाऊ नये म्हणून तिने आवाज दाबला होता, आणि त्याने ते आणखीच भयंकर वाटलं.

आईने शर्ट बाकावर टाकला. "साखरपाणी देते. उन्हाने झालं असेल."

"आई, काही द्यायचं नाही. घशात अडकेल. मघाशी पाण्याने ठसका लागला होता."

"मग ती गोळी तरी देते. रक्तदाबाची." आई बटव्यात हात घालून चाचपडायला लागली. "दोन देते. राहिलेल्या भरून निघतील."

"राहिलेल्या म्हणजे?"

आईने बटवा मिटला. काका छताकडे बघायला लागले, म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं.

"अगं, ती गोळी घेतली की त्यांना सारखं लघवीला जावं लागतं," आई म्हणाली. "मंचावर उभं असताना कसं चालेल? म्हणून कार्यक्रमाच्या दिवशी घेत नाहीत."

"आणि तालमीच्या दिवशी?"

"तालमीच्या दिवशीही नाही."

"मग घेतात कधी? दोन्ही नसतात तेव्हा? आई, आपल्याकडे दोन्ही नसतात असा दिवस असतो का?"

आईचा चेहरा रडवेला झाला. थोरलीला आणखी बोलायचं होतं, पण तेवढ्यात मागून आवाज आला.

"काय बाजार भरलाय इथे?"

मास्तर दारात उभे होते. दोन्ही पायांत चपला. तोंड सरळ. शब्द खणखणीत, नेहमीसारखे. त्यांनी खुर्चीवरचं ट्रंपेट उचललं, डाव्या हाताने, आणि थोरलीकडे रागाने बघितलं. "हे खुर्चीवर कुणी टाकलं?"

"तूच," काका म्हणाले, आणि इतक्या जोरात हसले की खालचा सायकलवाला वर बघत असणार. आईने पदर डोळ्यांना लावला. मास्तरांनी ट्रंपेट ओठाला लावलं आणि खालपासून वरपर्यंत एक सरगम काढली, काच पुसावी तशी स्वच्छ. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

सगळ्यांच्या जिवात जीव आला. थोरलीचा मात्र आला नाही. त्या फलकावर सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत, एक ओळ होती. बसून बसून कंटाळली नसती तर तिने ती वाचलीही नसती. लक्षणं आपोआप निघून गेली तरी लगेच या.

ती फोन घेऊन जिन्यात उतरली. मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात एका बाईंनी फोन उचलला. डॉक्टर होत्या. थोरलीने सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "पण आता एकदम ठीक आहेत हो. वाजवतसुद्धा आहेत."

"वाजवू देऊ नका," डॉक्टर म्हणाल्या. "गुठळी आली आणि सरकून गेली असं असू शकतं. तीच किंवा दुसरी परत येऊ शकते, आणि धोका सगळ्यात जास्त पहिल्या काही तासांत असतो. आताच आणा."

"जवळ आमचे नेहमीचे डॉक्टर आहेत, आधी त्यांना दाखवून..."

"त्यांच्याकडे मेंदूचा फोटो काढायचं यंत्र आहे का? नाही ना? मग वाटेत थांबू नका. अँब्युलन्स पाठवते, पण ती आत्ताच दुसरीकडे गेली आहे, वेळ लागेल. गाडी असेल तर निघा. खायला, प्यायला, गोळी, काही देऊ नका. आणि हे बघा, परत काही झालं तर किती वाजता झालं ते लक्षात ठेवा."

थोरली वर आली तेव्हा मास्तर मुलांना रांगेत बसवत होते.

"बाबा, दवाखान्यात जायचंय. आत्ता."

"उद्या जाऊ."

"आत्ता बोलावलंय."

"कशासाठी? हे बघ." त्यांनी दोन्ही हात समोर धरले, मग कानापर्यंत हसून दाखवलं. "झालं समाधान? अगं, ओठ थकला होता. माझे वडील थकायचे, आजोबा थकायचे."

"माझे आजोबा कशाने गेले, बाबा?"

प्रश्न तिच्या तोंडून कसा निघाला तिलाच कळलं नाही.  घरात सगळ्यांना माहीत होतं, थोरलीचे आजोबा, म्हणजे मास्तरांचे वडील, याच मागच्या खोलीत गेले. वाजवून आले, ओठ थकला म्हणाले, आडवे झाले. कुणी त्यांच्याशी बोललं नाही. संध्याकाळी आजी उठवायला गेली तेव्हा उठले नाहीत. झोपेत गेले, किती भाग्याचं मरण, असं तेव्हापासून सगळे म्हणत आले होते.

मास्तरांनी नजर वळवली. "मुलं थांबलीत," ते म्हणाले. "वर्षभर थांबलीत. मी त्यांना सूर कबूल केलाय. कार्यक्रम झाला की तू नेशील तिथे येतो. चंद्रावर ने." मग मुलांकडे वळून त्यांनी ट्रंपेट वर केलं. "शेवटची चाल. एकदाच. ड्रम!"

काकांनी तिच्याकडे बघितलं. आईने बघितलं. थोरली ड्रमपाशी गेली, टिपरं उचललं. मास्तरांची पाठ ताठ होती. त्या पाठीला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे ती जन्मापासून जाणत होती. तो सूर त्यांनी पूर्ण जोर लावून धरला तर मानेच्या शिरा दोरखंडासारख्या फुगतात, हेही ती जाणत होती. तिने ठोके सुरू केले. मुलं सुरू झाली. मास्तरांनी श्वास भरला.

आणि थोरलीने टिपरं जमिनीवर ठेवलं.

बँडचा आणखी एक नियम होता, आणि तो मास्तरांनी मुलांना पहिल्याच दिवशी शिकवला होता. ड्रम थांबला की सगळ्यांनी थांबायचं. कुठेही असा, कितीही रंगात असा. रस्त्यात खड्डा असेल, पुढे गाडी असेल, कुणी पडलं असेल. ड्रमवाल्याला दिसतं, फुंकणाऱ्याला दिसत नाही. का थांबला ते विचारायचं नाही.

एकेक वाद्य ओठावरून खाली आलं. शेवटी एकटं ट्रंपेट उरलं. मास्तर दोन सूर एकटेच वाजवत राहिले.

"सर," पिटुकली म्हणाली, "ड्रम थांबला."

मास्तरांनी ट्रंपेट खाली घेतलं. ते वळले नाहीत. समोर डझनभर मुलं, मांडीवर वाद्यं, नियमाप्रमाणे गप्प. त्यांच्यापुढे हा माणूस कधी खोटा पडला नव्हता.

"भोंग्या," ते भावाला म्हणाले, "तू घे यांना. चाल धावू देऊ नकोस." मग ट्रंपेट त्यांनी पिशवीत घातलं, खुंटीला लावलं, आणि मुलीकडे न बघता जिना उतरायला लागले. थोरली त्यांच्या पुढे उतरली, तोल गेलाच तर धरता यावं म्हणून एक हात मागे करून.

गाडीत मास्तर पुढे बसले, आई मागे. रागावलेला माणूस जसा बसतो तसे ते खिडकीबाहेर बघत बसले. थोड्या वेळाने चाल गुणगुणायला लागले, मुद्दाम, तिला ऐकू यावी म्हणून. थोरलीला हायसं वाटलं. गुणगुणताहेत तोवर ठीक आहे.

नगरभवनापाशी रस्ता तुंबला होता. मुलांचे आईबाप लवकरच आले होते, जागा धरायला. दुचाक्या आडव्या, रिकाम्या जागेत लहान भावंडं खेळताहेत. गाडी गोगलगायीच्या चालीने सरकत होती. मास्तर गुणगुणत होते. उंच सुराकडे चढत चढत आले, आणि मध्येच आवाज घसरला. जणू कुणी तबकडीवर हात ठेवला.

"अहो?" आई मागून म्हणाली.

थोरलीने बघितलं. डावा गाल उतरला होता. तोंडातून लाळ आली होती. यावेळी डोळेही एका बाजूला वळले होते, आणि डावा हात मांडीवरून घरंगळून सीटच्या फटीत गेला होता. ते काहीतरी सांगू पाहत होते, आणि जे निघत होतं ते ऐकवत नव्हतं.

"आई, घड्याळात किती?"

"काय?"

"किती वाजले? सांग! विसरू नको!"

"पाच... पाच वीस."

"पाच वीस. तोंडातल्या तोंडात म्हणत राहा. त्यांचं डोकं मागून एका कुशीला वळव, लाळ घशात जाऊ देऊ नको."

थोरलीने गाडीच्या भोंग्यावर हात ठेवला तो उचललाच नाही. लोक वळून बघायला लागले. कुणीतरी शिवी दिली. मग पुढच्या दुचाकीवाल्याने काचेतून आत बघितलं, आणि त्याचा चेहरा बदलला. तो उतरला, आपली गाडी ढकलली, दुसऱ्याची ढकलली, ओरडायला लागला, "वाट द्या, मास्तर आहेत, वाट द्या!" ज्यांच्या मुलांना मास्तरांनी फुंकायला शिकवलं होतं तेच लोक होते ते. गाडी मधून सुटली. मागे आई पुटपुटत होती, पाच वीस, पाच वीस.

रुग्णालयाच्या दारात स्ट्रेचर तयार होतं. फोनवरच्या डॉक्टर बाई दिसायला अगदीच तरुण निघाल्या. मास्तरांना आत नेतानेता त्यांनी तोच प्रश्न विचारला. "शेवटचे नीट कधी होते?"

"पाच वीस," थोरली आणि आई एकदम म्हणाल्या.

"नक्की?"

"गुणगुणत होते. मी ऐकत होते."

मेंदूचा फोटो निघाला. रक्तस्राव नव्हता, गुठळी होती. गुठळी विरघळवणारं औषध देता येईल, डॉक्टर म्हणाल्या, पण ते सुरुवातीच्या काही तासांतच देतात, आणि जितकं आधी तितकं बरं. धोका आहे, कधी कधी उलट रक्तस्रावही होतो, पण आता दिलं तर फायद्याची शक्यता बरीच जास्त. "तुम्हाला वेळ माहीत आहे म्हणून देता येतंय. झोपेत झालं असतं तर कधी झालं हेच कळलं नसतं."

थोरलीने होकार दिला. तिला वाटलं आपण उभ्या आहोत, पण बाकावर बसलेली होती. आई शेजारी बसून रिकाम्या हातांकडे बघत होती.

"मी रोज गोळी हातावर ठेवायचे," आई म्हणाली. "ते खिशात टाकायचे. शर्ट धुताना मला सापडायच्या. मी म्हणायचे, जाऊदे, आपला माणूस आहे, त्याला कळतं."

"डॉक्टरांना सांगितलं असतं तर दुसरी गोळी दिली असती, आई. किंवा सकाळी लवकर घ्या म्हणाले असते. गोळ्या अनेक असतात."

"मला काय ठाऊक, बाई. गोळीबद्दल भांडायचं असतं हेच ठाऊक नव्हतं."

थोरलीला रागवायचं होतं, पण जमलं नाही. तिने आईचा हात धरला. दाराच्या काचेपलीकडे पडदा होता. पडद्याखाली पलंगाचे चार पाय आणि बूट घातलेले बरेच पाय दिसत होते, आणि ते बूट सारखे हलत होते. ते थांबू नयेत एवढंच तिला वाटत होतं.

कार्यक्रम संपवून काका आले तेव्हा मास्तरांना वॉर्डात आणलं होतं. तोंड अजून वाकडं होतं, पण डावा हात चादरीवरून बोटभर उचलता येत होता. डॉक्टर त्या बोटभराने खूश होत्या. काका पलंगापाशी उभे राहिले. आजोबांचा नियम अंगात इतका मुरलेला, की त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. आयुष्यात पहिल्यांदाच.

"बोला, काका," थोरली म्हणाली. "बोलायचं. डॉक्टरांनी सांगितलंय, त्यांना बोलतं ठेवा."

काकांनी घसा साफ केला. "दादा, मुलांनी वाजवलं."

मास्तरांचा ओठ हलला. "धा... धाव..."

"धावली का? धावली म्हणजे! पिसाळलेला बैल मागे लागल्यासारखी धावली. ड्रम कुठे होता आवरायला? मी म्हणतोय हळू, तर तुझी ती पिटुकली माझ्या पुढे दोन ओळी जाऊन बसली आणि तिथून माझ्याकडे बघत होती, काका, या लवकर!"

मास्तर हसले. उजवा गाल हसला, आणि थोरलीने वाकून, श्वास रोखून बघितलं. डाव्या गालाच्या टोकाला, डोळ्याखाली, एक सुरकुती हलली.

पुढे किती तरी आठवडे ते व्यायामाला जात राहिले. गोळी बदलून मिळाली. ती ते सकाळी आईसमोर गिळत आणि तोंड उघडून दाखवत, लहान मुलासारखे. जेवणातलं मीठ कमी झालं, त्यावर काका दुःखी झाले, कारण त्यांचंही कमी झालं. उंच सूर मात्र परत आला नाही. डाव्या कोपऱ्यातून थोडी हवा सुटायचीच. मास्तर खालचे सूर वाजवत आणि म्हणत, "वरच्या मजल्याचं भाडं परवडत नाही आता."

मुलांचा वर्ग पुन्हा सुरू झाला त्या दिवशी त्यांनी मुलांना जुना नियम सांगितला, आणि मग त्याला जोड दिली. ओठ थकला तर विश्रांती. पण विश्रांतीआधी हसून दाखवायचं, हात वर करायचे, आणि आपलं नाव सांगायचं. एक जरी वाकडं गेलं तर पलंगावर नाही, दवाखान्यात. मागाहून सरळ झालं तरी दवाखान्यात.

"मी सांगत होते," पिटुकली म्हणाली. "तेव्हाच. ताईंनीच गप्प केलं."

सगळ्यांनी थोरलीकडे बघितलं. तिने मान खाली घातली, मग वर केली. "हो. चुकलं माझं. यापुढे दिसलं की बोलायचं. मी शू म्हटलं तरी बोलायचं."

तालीम सुरू झाली. थोड्या वेळाने पिटुकलीने हात वर केला.

"ताई, बोलू?"

थोरलीचा हात ड्रमवर थांबला. वाद्यं खाली आली. आई दारातून पुढे झाली. "बोल," थोरली म्हणाली.

"सरांचा शर्ट वाकडा आहे."

मास्तरांची बटणं एक घर चुकली होती. कुणी हसलं नाही. थोरली टिपरं ठेवून त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली. मास्तरांनी उसासा टाकला, दोन्ही हात समोर धरले, दात दाखवून हसले, आणि आपलं पूर्ण नाव बापाच्या नावासकट खणखणीत सांगितलं.

"बटणं लग्नापासून चुकताहेत," आई मागून म्हणाली. "त्याला औषध नाही."

तेव्हा सगळे हसले. थोरलीने बटणं नीट लावली, मागे जाऊन टिपरं उचललं, आणि पुन्हा पहिल्यापासून ठोका धरला.